खेळाडू कळला, भाव कळला नाही

एप्रिल महिन्यातील सोमवारची पहाट. साडेचार वाजलेले. लातूरच्या बाजार समितीत शेतमालाच्या गाड्या लागण्यास अजून अवकाश आहे. त्याच क्षणी अमेरिकेतील ऑगस्टा या गावी रविवारचे सायंकाळचे सात वाजलेले असतात आणि ‘मास्टर्स’ या प्रतिष्ठेच्या गोल्फ स्पर्धेचा अखेरचा फटका मारला जात असतो. या दोन गावांचा परस्परांशी काही संबंध असेल असे कोणास वाटणार नाही. परंतु मोबाइलच्या पडद्याने तो जोडला आहे. ज्याने आयुष्यात गोल्फचे मैदान पाहिलेले नाही, असा एखादा मराठवाड्यातील मुलगा त्या पहाटे जागा असतो, कारण त्या फटक्यावर त्याचे पैसे लागलेले असतात.

पुढील कुटुंब कल्पित आहे. त्यातील गणित, कायदा आणि खेळाचा इतिहास मात्र खरा आहे.

लातूरच्या मार्केट यार्डातील एका आडत व्यापाऱ्याचा हा मुलगा. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षास असलेला, आकडेमोडीत हुशार. क्रिकेटवर पैसे लावणाऱ्या मित्रांना तो हसत असे. ‘क्रिकेटमध्ये नाणेफेक आहे, खेळपट्टी आहे, पंच आहेत, अकरा जणांचा मेळ आहे, तेथे अभ्यास चालत नाही. गोल्फमध्ये एक माणूस आणि एक चेंडू. त्याचा अभ्यास करता येतो,’ असे त्याचे म्हणणे. त्याने खरोखर अभ्यास केला. दोनशे पानी वहीत खेळाडूंची नावे, मागील दहा स्पर्धांतील क्रमांक, लांब फटक्यांचे अंतर, छोट्या फटक्यांतील अचूकता असे चौदा रकाने आखले. कोलंबिया विद्यापीठाच्या व्यवसाय शाळेतील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी प्रत्येक फटक्याचे मोल मोजण्याची जी पद्धत विकसित केली आणि २०११ पासून अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फने जी स्वीकारली, तीही त्याने समजून घेतली. परीक्षेच्या अभ्यासात ही चिकाटी दिसती, तर घरच्यांनी पेढे वाटले असते.

एका मंगळवारी सकाळी त्याच्या मोबाइलवर बँकेचा संदेश आला. खात्यातून पैसे काढण्याचे व्यवहार थांबविण्यात आले होते. वडिलांना सांगण्याचे धैर्य झाले नाही. त्याने एस.टी. पकडली आणि नांदेडला, वजिराबाद भागात कर सल्लागार म्हणून काम करणाऱ्या मामांचे घर गाठले.

मामांनी आधी जेवू घातले. मग वही मागितली. सावकाश पाने उलटून झाल्यावर ते म्हणाले, “अरे, अभ्यास उत्तम आहे. पण या चौदा रकान्यांत एक रकाना दिसत नाही.”

“कोणता, मामा?”

“आपण किती लावले आणि किती परत आले, तो.”

तो रकाना त्या रात्री बँकेच्या उताऱ्यावरून भरला गेला. तीन महिन्यांत ६१,५०० रुपये गेले होते आणि २२,३०० रुपये परत आले होते. तूट ३९,२०० रुपयांची. त्यातील ३५,००० रुपये वडिलांनी सी.ए.च्या शिकवणीसाठी दिलेले होते. उरलेले ४,२०० त्याच्या खर्चाच्या पैशांतील होते. मुलास हा आकडा पाहून आश्चर्य वाटले, हीच यातील मोठी गोष्ट. आपण ‘थोडे मागे आहोत’ एवढेच त्यास वाटत होते. जिंकलेला प्रत्येक दिवस त्याच्या स्मरणात होता. हरलेले दिवस वहीतही नव्हते आणि मनातही नव्हते.

“मामा, पण माझे खेळाडू चुकीचे नव्हते हो,” तो म्हणाला. “दोन वेळा मी निवडलेला खेळाडू दुसरा आला. एकाच फटक्याने गेला.”

येथे गोल्फचे स्वरूप थोडक्यात समजून घेणे इष्ट आहे. मोठ्या स्पर्धेत चार दिवस रोज अठरा होल खेळतात, एकूण बहात्तर. सर्वांत कमी फटक्यांत जो ते पुरे करतो तो विजयी. दोन दिवसांनंतर मागे पडलेल्यांना घरी पाठवितात. विजेत्याचे चार दिवसांचे फटके साधारणतः पावणेतीनशेच्या आसपास भरतात आणि पहिल्या व दुसऱ्यातील अंतर पुष्कळदा एकाच फटक्याचे असते. २०२५ च्या मास्टर्समध्ये रॉरी मॅकलरॉय आणि जस्टिन रोझ हे दोघे बहात्तर होलनंतर २७७ फटक्यांवर बरोबरीत होते. मॅकलरॉय शेवटच्या होलवर सुमारे पाच फुटांचा फटका चुकला, म्हणून बरोबरी झाली. नंतरच्या जादा होलवर तोच जिंकला. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०२२ च्या ‘प्लेयर्स’ स्पर्धेत कॅमेरॉन स्मिथच्या मागे दुसरा राहिला, तोही एका फटक्याने. सुमारे २७५ फटक्यांतील एक फटका म्हणजे शेकडा अर्ध्याहूनही कमी. वाऱ्याची एक झुळूक, गवताचे एक पाते एवढा फरक सहज करते. तो आधी ओळखता येईल असा रकाना कोणत्याही वहीत आखता येत नाही.

याउलटची बाजूही पाहावी. २००३ मध्ये ब्रिटिश ओपन ही स्पर्धा बेन कर्टिस या अमेरिकी तरुणाने जिंकली. त्या वेळी जागतिक क्रमवारीत तो ३९६ व्या स्थानी होता आणि अशा दर्जाची ती त्याची पहिलीच स्पर्धा होती. आणि ज्याच्या श्रेष्ठत्वाविषयी वाद नाही, त्या टायगर वुड्सचे सर्वोत्तम वर्ष २०००. त्या वर्षी अमेरिकेच्या मुख्य मालिकेत तो वीस स्पर्धा खेळला आणि नऊ जिंकला. म्हणजे आधुनिक काळातील सर्वश्रेष्ठ खेळाडूच्या सर्वश्रेष्ठ वर्षातही त्याच्यावर पैसे लावणारा निम्म्याहून अधिक वेळा हरला असता. खेळाडू ओळखणे आणि विजेता ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

येथपर्यंत मुलाने मान्य केले. पण त्याचा खरा युक्तिवाद पुढे होता. “नेहमी जिंकायला नकोच ना, मामा. पाचातून एकदा जिंकले आणि भाव चांगला असला, तरी फायदा होतो.”

मामांनी टेबलावर सहा नाणी मांडली. “समज, सहा खेळाडू आहेत आणि सहाही तुल्यबळ. प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता सहात एक. प्रामाणिक भाव किती?”

“एकास पाच. शंभर लावले तर पाचशे नफा आणि आपले शंभर परत.”

“बरोबर. आता पेढीवाला एकास पाच देत नाही, एकास चार देतो. तू सहाही नाण्यांवर शंभर-शंभर लाव. सहाशे गेले. कोणीही जिंकला तरी परत किती?”

“पाचशे.”

“खेळाडू कोण जिंकला याच्याशी पेढीला काही देणेघेणे आहे का?”

मुलगा गप्प राहिला. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास यापुढे सांगावे लागत नाही.

या उदाहरणातील पेढीचा कापा प्रत्येक सहाशे रुपयांमागे शंभर, म्हणजे शेकडा साडेसोळाहून अधिक आहे. आकडा सोयीसाठी घेतला आहे. परंतु अनेक खेळाडू असलेल्या स्पर्धेत सर्वांच्या भावांतून निघणाऱ्या शक्यतांची बेरीज नेहमी शंभराच्या वर जाते, आणि शंभराच्या वरचा तो भाग म्हणजे पेढीची कमाई, हे तत्त्व सर्वत्र तेच. आता याच दराने कोणी दहा हजार रुपये दर आठवड्यास फिरवीत राहिला, तर सरासरीने पहिल्या आठवड्याअखेर ८,३३३ उरतील आणि दहाव्या आठवड्याअखेर सुमारे १,६१५. चक्रवाढ व्याजाचे सामर्थ्य आपल्या समाजातील घराघरांत ठाऊक आहे. हेही चक्रवाढच आहे. केवळ दिशा उलटी आहे.

अभ्यासाने हा कापा भरून काढता येणार नाही काय? तत्त्वतः येईल. त्यासाठी खेळाडू चांगला आहे एवढे कळून भागत नाही. पेढीने लावलेला भाव चुकला आहे, आणि कापा भरून काढण्याइतका चुकला आहे, हे कळावे लागते. वरील उदाहरणात सहात एक शक्यता असलेला खेळाडू प्रत्यक्षात पाचात एक इतका सरस निघाला, तर पैसे लावणारा कोठे ना नफा ना तोटा या रेषेवर येतो. भाव ठरविणाऱ्यांकडे तीच आकडेवारी, अधिक मनुष्यबळ आणि अधिक यंत्रे असतात; फटक्यागणिक भाव बदलतो. लातूरच्या मुलाने चौदा रकान्यांत जे लिहिले होते, ते भावात आधीच मिसळलेले होते. जो खेळाडू सर्वांना उत्तम दिसतो, त्याचा भाव सर्वांत कमी असतो. आणि क्वचित एखादा सातत्याने जिंकू लागला, तर परदेशातील अनेक पेढ्या त्याच्या रकमेवर मर्यादा घालतात. हरणाऱ्यासाठी दार सताड उघडे आणि जिंकणाऱ्यासाठी किलकिले, असे हे दुकान आहे.

आडत व्यवसायातील घरात एक प्रश्न हमखास निघतो. सोयाबीन, हरभरा यांचा वायदा हाही एका अर्थी अंदाजच नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. वायद्यातही निव्वळ सट्टा शिरतो. डिसेंबर २०२१ मध्ये ‘सेबी’ने सोयाबीन आणि हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे स्थगित केले, तेव्हा बाजारात त्याविषयी पुष्कळ चर्चा झाली. तथापि मूळ भेद विसरू नये. शेतकऱ्याच्या शेतात सोयाबीन उभे आहे, गिरणीस ते हवे आहे, भाव पडण्याची वा चढण्याची जोखीम आधीच अस्तित्वात आहे. वायदा ती जोखीम एकाकडून दुसऱ्याकडे नेतो. पैजेत मात्र जोखीम आधी नसतेच. ऑगस्टातील चेंडू खळग्यात पडला न पडला, लातूरमधील घरास त्याचे काही होणार नव्हते; ती जोखीम मुलाने विकत घेऊन घरात आणली. आडत्या मालाचा ढीग पाहतो, ओलावा मोजतो, लिलाव होतो, माल हलतो, पट्टी होते. शेवटी कोठेतरी तेल निघते, डाळ शिजते. पैजेच्या शेवटी कोणाच्या ताटात काही वाढले जात नाही.

नांदेडसारख्या कापसाच्या बाजारपेठेस हा भेद जुना आहे. एके काळी मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद होत्या दरांवर आकडे लावले जात. ज्यांनी कापसाची एक गाठही कधी घेतली नाही, असे लोक त्या दराकडे डोळे लावून बसत. पुढे कापूस गेला, मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि त्याचे नाव मटका पडले. बाजाराचे रूप घेऊन जुगार उभा राहिला, तो तेव्हाही आकडे वापरीत होता. आज त्याच्याकडे आलेख आणि आकडेवारी आहे, एवढाच बदल.

कायद्याचा प्रवासही याच प्रश्नाभोवती फिरला आहे. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्यापासून कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा भेद चालत आला. १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापारच नव्हे. १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीस कौशल्याच्या बाजूस ठेवले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘ड्रीम इलेव्हन’ या मुंबईतील कंपनीच्या संघनिवडीच्या खेळात कौशल्य असल्याचे मान्य केले. त्यानंतरच्या काळात क्रिकेटचा संघ बनविणे हा गावोगावच्या कट्ट्यावरील उद्योग झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस दलातील एका उपनिरीक्षकास अशाच खेळात दीड कोटी रुपये लागले. वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकली आणि काही दिवसांतच त्यांना निलंबित करण्यात आले. छायाचित्र एकाचे छापले जाते. त्या दीड कोटीत ज्यांचे पन्नास-पन्नास रुपये होते, त्यांचे छापले जात नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग त्यात कौशल्य असो, नशीब असो वा दोन्ही असो, चालविण्यास त्याने मनाई केली. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद झाली. ‘ड्रीम इलेव्हन’ने पैशाच्या स्पर्धा बंद केल्या. कायद्यास न्यायालयात आव्हानही दिले गेले. परंतु देशातील दार बंद झाले की काही जण खिडकी शोधतात. लातूरच्या मुलाने जी पेढी शोधली होती, ती परदेशातील होती. तिचा पत्ता नव्हता, कार्यालय नव्हते, केवळ मोबाइलवरील एक गट आणि त्यातील एक ‘एजंट’ होता.

त्या रात्री मामांना वहीपेक्षा अधिक चिंता वाटली ती या एजंटाची. जिंकलेले पैसे मागितल्यावर तो मुलास म्हणाला होता, ‘आमच्या खात्यांवर ताण आहे. इतर सभासदांचे पैसे तुमच्या खात्यात येतील, ते सांगू त्या खात्यात पाठवा आणि शेकडा दोन रुपये ठेवून घ्या.’ मुलाने चार वेळा मिळून एक लाख ऐंशी हजार रुपये असे पुढे पाठविले आणि ३,६०० रुपये राखले. ते त्याने वहीत ‘नफा’ म्हणून लिहिले होते. त्या सर्व व्यवहारांत खात्रीची कमाई अशी तेवढीच त्यास वाटत होती.

बँक व्यवहारात अशा खात्यास भाड्याचे खाते म्हणतात. कोणा परप्रांतीय निवृत्तास फसवून काढलेले पैसे असेच चार-पाच खात्यांतून फिरविले जातात. फसलेली व्यक्ती १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करते, पोलीस पैशांचा माग काढतात आणि मार्गात येणारे प्रत्येक खाते थांबविले जाते. २०२३ मध्ये गाजलेल्या महादेव अॅपच्या प्रकरणातही सामान्य माणसांच्या नावे उघडलेल्या अशा खात्यांचे जाळे समोर आले होते. ‘मला ठाऊक नव्हते’ हे खातेदाराचे म्हणणे खरे असू शकते. पण ते त्यास चौकशी अधिकाऱ्यासमोर, कागदपत्रांनिशी सांगावे लागते. नाव त्याचे, सही त्याची, खाते त्याचे. एजंटाचे तेथे काहीच नसते. वीस वर्षांच्या मुलाने दोन टक्क्यांसाठी जे भाड्याने दिले, ते खाते नव्हते. ते त्याचे नाव होते. व्यापारी घराण्यात नाव उभे करण्यास दोन पिढ्या लागतात.

जैन श्रावकाचारात सप्त व्यसनांची गणना द्यूतापासून सुरू होते. वसुनंदी श्रावकाचारात त्याचे उदाहरण म्हणून युधिष्ठिराचे नाव येते. ज्याच्या सत्यनिष्ठेविषयी शंका नाही, अशा पुरुषाचे. द्यूत केवळ मूर्खास वा दुर्जनास गाठते, या समजुतीस तेथेच उत्तर मिळते. याहून सूक्ष्म विचार अनर्थदंडाचा आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांत अपध्यान हा एक आहे, म्हणजे दुसऱ्याचे अहित चिंतणे. पैज लावून पहाटेपर्यंत जागणारा मुलगा काय करीत असतो? आपला खेळाडू चांगला खेळो, यापेक्षा दुसऱ्याचा फटका चुको, हीच इच्छा त्याच्या मनात घोळत राहते. ज्याने आपले काही बिघडविले नाही, ज्याची आपली कधी भेट होणार नाही, अशा माणसाच्या पाच फुटांच्या फटक्याचे वाईट चिंतीत रात्र जाते. पैसे गेले नसते, उलट आले असते, तरी ही हानी झालीच असती.

दुसऱ्या दिवशी मामा भाच्यास घेऊन लातूरला आले. वडिलांना त्यांनी सर्व सांगितले. मुलास स्वतःच्या तोंडाने सांगावयास लावले, हे अधिक खरे. आई आतल्या खोलीतून ऐकत होती. वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच विचारले, “खात्यात जे दुसऱ्यांचे आले, ते कोणाचे होते, हे तुला ठाऊक आहे का?”

“नाही, बाबा.”

“आपल्या दुकानात एक पोते आले, तरी ते कोणाचे हे आपण आधी लिहितो.”

यानंतर जे केले गेले, ते अशा प्रसंगी कोणत्याही कुटुंबास उपयोगी पडावे. बँकेच्या शाखेत जाऊन खाते कोणत्या तक्रारीवरून, कोणत्या पोलीस ठाण्याच्या सूचनेवरून थांबविले गेले, याची लेखी माहिती मागितली. एजंटाचे संदेश पुसून न टाकता त्यांच्या प्रती काढल्या. वकिलाच्या सल्ल्याने संबंधित ठाण्यास सर्व हकीकत, ३,६०० रुपयांसह, खरी कळविली. पेढीचे अॅप काढून टाकले आणि ‘एकदाच, गेलेले परत आणण्यापुरते’ हा विचार मनात येईल, हे गृहीत धरून काही काळ मुलाचे खर्चाचे पैसे आईच्या हाती ठेवले. गेलेले परत आणण्याच्या प्रयत्नातच बहुतेक घरांची मोठी रक्कम जाते. ज्यास थांबणे स्वतःच्या बळावर शक्य होत नाही, त्याने संकोच न करता ‘टेलीमानस’च्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर बोलावे; तो दुबळेपणा नव्हे. मुलाच्या खात्याचे प्रकरण एका दिवसात सुटले नाही. वादातील रक्कम अडकून राहिली आणि परगावच्या ठाण्यात दोन वेळा जावे लागले.

मामांनी वही मात्र फाडली नाही. त्यांनी एक अट घातली. दर बुधवारी, स्पर्धा सुरू होण्याच्या आधी, मुलाने एकाच खेळाडूचे नाव आणि वृत्तांत छापून आलेला त्याचा भाव मामांना लिहून पाठवावा. एक पैसाही लावावयाचा नाही. मागाहून नाव बदलावयाचे नाही. ‘जवळजवळ’ हा शब्द वापरावयाचा नाही. वीस आठवडे हे चालले. वीस नावांपैकी तीन खेळाडू दुसरे आले, सात जण दोन दिवसांतच बाहेर पडले आणि एक जिंकला. त्याचा भाव एकास नऊ होता. प्रत्येक वेळी हजार रुपये लावले असते, तर वीस हजार गेले असते आणि दहा हजार परत आले असते. हा हिशेब मामांनी केला नाही; मुलाने स्वतः केला आणि पाठविला. खाली त्याने लिहिले होते, ‘मामा, एक बरोबर आला तेव्हा मला वाटले, आता मला कळले. पुढची सलग नऊ नावे चुकली.’

शिकवणीचे पैसे वडिलांनी पुन्हा भरले. मात्र त्या मोसमात सकाळी दुकानाची पट्टी मुलाने लिहावी, असे ठरले. पहाटे साडेचारला तो आता क्वचितच जागा असतो, कारण आठ वाजता त्यास यार्डात पोहोचावयाचे असते. सोयाबीनचा ढीग पडतो, ओलाव्याचे यंत्र लागते, बारा टक्क्यांच्या वर आकडा गेला की भाव उतरतो, शेतकरी हुज्जत घालतो, मापाडी वजन सांगतो. पट्टीवर शेतकऱ्याचे नाव, गाव, वजन, भाव, हमाली, आडत आणि शेवटी देय रक्कम येते. गोल्फ तो अजूनही पाहतो. खेळ सुंदरच आहे, आणि लाहिरीचे नाव फलकावर वर सरकले की त्यास आनंद होतो. वहीत आता पंधरावा रकाना आहे, आणि तो रिकामा आहे.